अ‍ॅस्टन वॉर्ड (बर्मिंगहॅम): दोन मतं हातात आहेत, दोन्ही द्यावीतच का?

पेठेतला_परदेशी

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे बर्मिंगहॅमला आलो आणि आता बऱ्यापैकी रुळलोय. भाड्याचं घर अ‍ॅस्टनमध्ये, व्हिला पार्क या फुटबॉल मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मॅचच्या दिवशी गल्लीत सायकल लावायला जागा मिळत नाही, एरवी सगळं निवांत. मागे घरी मतदार नोंदणीचा कागद आला होता, तो भरून पाठवला आणि विसरून गेलो. परवा दारात सिटी कौन्सिलच्या मे महिन्यातल्या निवडणुकीचं पोल कार्ड! पासपोर्ट भारतीय, व्हिसा कामाचा, तरी मत आहे. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथं कायदेशीर राहत असेल तर त्याला मत देता येतं म्हणे.

तर दोन प्रश्न.

एक, आमच्या वॉर्डातून दोन नगरसेवक निवडायचे आहेत, म्हणजे मला दोन मतं. दोन्ही द्यायलाच हवीत का? मला एकच उमेदवार बरा वाटतोय.

दोन, ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याला वॉर्डाचं नाव सांगितलं तर तो हसून म्हणाला, "अच्छा, तो बनाना रिपब्लिकवाला!" हा काय प्रकार आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खारीबटर

दुसरा प्रश्न जास्त चविष्ट दिसतोय. चहा ठेवलाय, वाचतोय.

निमाताई_लेस्टर

अभिनंदन, पहिलं मत परदेशात! आधी कामाचं सांगते. मतदानाला फोटो ओळखपत्र लागतं, ते घरी विसरून जाऊ नकोस. इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून सक्ती आहे. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण कॉमनवेल्थ देशांचे पासपोर्ट त्या यादीत आहेत. पोल कार्ड नेलं नाही तरी चालतं. केंद्र सकाळी ७ ते रात्री १०, तेव्हा ऑफिसचं कारण सांगता येणार नाही. केंद्राच्या दाराशी कुणी छातीला पक्षाची फीत लावून तुझा मतदार यादीतला नंबर विचारेल, तो सरकारी माणूस नसतो. सांगायचा की नाही ही तुझी मर्जी.

मिडलँड्स_काका

बनाना रिपब्लिकचं मी सांगतो. त्या वेळी मी याच शहरात होतो आणि पेपरात रोज हेच असायचं.

जून २००४. वॉर्डांच्या सीमा नव्यानं आखल्या होत्या, म्हणून कौन्सिलच्या सगळ्या १२० जागांची निवडणूक एकदम होती. एरवी इथं चारपैकी तीन वर्षं एक तृतीयांश जागा निवडल्या जायच्या. त्याआधी २००० सालच्या कायद्यानं टपाली मत कुणालाही, कारण न देता, मागण्याची सोय केली होती. हेतू चांगला होता, मतदान वाढावं. बर्मिंगहॅममध्ये टपाली मतांचे अर्ज एका वर्षात २८ हजारांवरून ७० हजारांच्या वर गेले. तेव्हाच कुणाच्या तरी भुवया उंचवायला हव्या होत्या.

पद्धत कशी होती पाहा. मतपत्रिका साध्या टपालानं यायची, लांबून ओळखू येईल अशा पाकिटात. सोबतच्या कागदावर मतदाराची आणि एका साक्षीदाराची सही. ती सही ताडून बघायला कौन्सिलकडे दुसरी सहीच नव्हती! म्हणजे पाकीट ज्याच्या हाती, मत त्याचं. निवडणुकीच्या तोंडावर एका गोदामात मध्यरात्री पोलीस गेले, तर टेबलावर टपाली मतपत्रिकांचा ढीग आणि भोवती अ‍ॅस्टनचे उमेदवार आणि कार्यकर्ते.

लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या लोकांनी अ‍ॅस्टनच्या निकालाविरुद्ध कोर्टात याचिका केली, शहरातल्याच बोर्डस्ली ग्रीन वॉर्डाची वेगळी याचिका होती. खटला रिचर्ड मॉरी या इलेक्शन कमिशनरांपुढे (इथं निवडणूक खटल्याच्या न्यायाधीशाला असं म्हणतात) चालला. एप्रिल २००५ मध्ये निकाल आला. दोन्ही वॉर्डांतले मिळून लेबर पक्षाचे सहा नगरसेवक घरी गेले. पुराव्यात दिसलेले गैरप्रकार बनाना रिपब्लिकलाही (कायदा धाब्यावर बसवणाऱ्या भ्रष्ट देशाला असं म्हणतात) लाज आणतील, असं त्यांनी निकालात लिहिलं आणि ते वाक्य अ‍ॅस्टनला कायमचं चिकटलं. (सहापैकी एकाला अपील कोर्टानं वैयक्तिक ठपक्यातून मोकळं केलं, तो नंतर पुन्हा निवडूनही आला. हेही सांगायला हवं.)

शंकासुर

म्हणजे साहेबाच्या देशातही बोगस मतदान! आणि हे लोक आपल्याला लोकशाही शिकवणार. आमच्याकडे निदान मशीन आहे आणि बोटाला शाई आहे.

मिडलँड्स_काका

शंकासुर, शाईनं इथं काही झालं नसतं. मतदार केंद्रावर आलाच नव्हता, बोट कुणाचं रंगवणार? आणि प्रकार उघडकीला आला तो कागदामुळेच. इथल्या मतपत्रिकेवर क्रमांक असतो, कोणता क्रमांक कुणाला दिला याची नोंद वेगळी जपतात. एरवी ती कुणालाही बघता येत नाही, पण कोर्टानं हुकूम केला तर मतपत्रिका मतदारापर्यंत नेता येते.

गोलंदाज_१०

जरा स्पष्ट लिहितो. तिथली वस्ती कोणाची आहे हे कुणीच बोलत नाहीये. ज्यांच्या देशात जे चालतं तेच इथं आणलं.

निमाताई_लेस्टर

गोलंदाज, मत चोरीला गेलं ते कोणाचं? त्याच गल्ल्यांतल्या, त्याच समाजाच्या लोकांचं. आणि तक्रार घेऊन कोर्टात कोण गेलं? बोर्डस्ली ग्रीनमध्ये पीपल्स जस्टिस पार्टीची माणसं, म्हणजे काश्मिरी मुळाचेच लोक. स्वतःच्या शेजाऱ्यांविरुद्ध उभं राहायला जिगर लागते. ते सोडून फक्त आडनावं मोजायची असतील तर हा धागा त्यासाठी नाही.

मिडलँड्स_काका

निमाताईंशी सहमत. शिवाय घाई कशाची होती तेही बघा. इराक युद्धामुळे मुस्लिम मतदार लेबरवर भडकलेला, हक्काच्या जागा हातून निसटायला लागल्या, तेव्हा हे धंदे सुरू झाले. आणि दार सताड उघडं ठेवलं ते वेस्टमिन्स्टरनं, म्हणजे लंडनच्या सरकारनं. व्यवस्था नीट काम करतेय असं सरकार म्हणत होतं, त्यावर न्यायाधीशांनी सुनावलं की ही नुसती बेफिकिरी नाही, डोळ्यांपुढचं नाकारणं आहे. मग २००६ च्या कायद्यानं टपाली मतासाठी सही आणि जन्मतारीख आधी घेऊन ठेवायला सुरुवात झाली. पुढे कुटुंबप्रमुखानं सगळ्यांची नावं भरायची पद्धत गेली, ज्यानं त्यानं स्वतःची नोंदणी करायची. आता तर पक्षाच्या कार्यकर्त्याला दुसऱ्याच्या टपाली मताला हात लावायचीच बंदी आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी अ‍ॅस्टन आणि बोर्डस्ली ग्रीन आहेत.

दप्तरदार

चर्चा २००४ वरच अडकलीय. वॉर्डाचा इतिहास एवढाच धरला तर अ‍ॅस्टनवर अन्याय होईल. थोडं मागे जाऊ.

१०८६ च्या डूम्सडे नोंदीत (राजानं करवलेली देशभरच्या जमिनींची मोजदाद) बर्मिंगहॅमची किंमत २० शिलिंग आणि अ‍ॅस्टनची १००. म्हणजे मूळ थोरलं घर अ‍ॅस्टन. अ‍ॅस्टनचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख, अवाढव्य होतं: एर्डिंग्टन, सॉल्टली, नेचल्स, बोर्डस्ली, डेरिटेंड, अगदी कॅसल ब्रॉमिचपर्यंत. पेठेतल्या परदेशींनी रविवारी अ‍ॅस्टन हॉल बघून यावा. सर थॉमस होल्ट यांनी १६१८ ते १६३५ मध्ये बांधला. यादवी युद्धात होल्ट राजाच्या बाजूचे, म्हणून १६४३ च्या डिसेंबरात पार्लमेंटवाल्यांनी हल्ला केला. तोफगोळ्यानं फुटलेला जिन्याचा कठडा अजून तसाच ठेवलाय, हात लावण्याइतका जवळ. व्हिला पार्कमधली होल्ट एंड ही प्रेक्षक गॅलरी याच घराण्याच्या नावाची.

१८३८ मध्ये बर्मिंगहॅमला नगर परिषद मिळाली, १३ वॉर्ड पडले. त्यात नेचल्स, बोर्डस्ली, डेरिटेंड हे अ‍ॅस्टन पॅरिशचे तुकडे गेले, पण खुद्द अ‍ॅस्टन बाहेर राहिलं. पुढं कारखाने वाढले, माणसं वाढली, तरी अ‍ॅस्टन मॅनरचा कारभार वेगळा. १८६९ मध्ये लोकल बोर्ड (स्थानिक कारभाराचं मंडळ), १९०३ मध्ये स्वतंत्र बरो, म्हणजे स्वतःची नगर परिषद, स्वतःचा महापौर. लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. महापौरपदाची साखळी गळ्यात पडून दहा वर्षंही झाली नाहीत तोच १९११ मध्ये ग्रेटर बर्मिंगहॅम झालं आणि अ‍ॅस्टन, हँड्सवर्थ, एर्डिंग्टन, यार्डली, किंग्ज नॉर्टन सगळे शहरात आले. तेव्हापासून थोरलं घर धाकट्याच्या नकाशावरचा वॉर्ड झालं. योगायोग असा की त्याच १९११ साली ऑल सेंट्स वॉर्डातून एक नवा नगरसेवक आला, नेव्हिल चेंबरलेन. पुढे पंतप्रधान.

खारीबटर

दप्तरदार आले! आता धागा शंभरी गाठणार.

अवांतर: एचपी सॉस अ‍ॅस्टनचाच ना? बाटलीवर पार्लमेंटचं चित्र असतं तो.

मिडलँड्स_काका

अ‍ॅस्टन क्रॉसचा. २००७ मध्ये कारखाना बंद झाला, आता नेदरलँड्समध्ये बनतो. बाटलीवर पार्लमेंट अजून आहे. एक्सप्रेसवेवरून जाताना व्हिनेगरचा वास गाडीत शिरायचा, काचा बंद असल्या तरी.

रॉकभक्त

आणि ऑझी ऑस्बर्न अ‍ॅस्टनचा हे कुणीच कसं लिहिलं नाही? ब्लॅक सबाथ हा त्याचा बँड म्हणजे अ‍ॅस्टनची चार पोरं. जुलै २०२५ मध्ये शेवटचा कार्यक्रमही व्हिला पार्कवरच केला आणि त्याच महिन्यात गेला. कसले नगरसेवक घेऊन बसलात!

शंकासुर

धागा रुळावरून उतरल्याचं अधिकृतपणे जाहीर करतो.

दप्तरदार

रुळावर आणतो, तेही बनावट तिकिटांवरून. ऑक्टोबर १८८४. आज व्हिला पार्क आहे तिथं तेव्हा अ‍ॅस्टन लोअर ग्राउंड्स नावाची करमणुकीची बाग होती. तिथं काँझर्व्हेटिव्ह पक्षाची जंगी सभा, लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल वक्ते (विन्स्टनचे वडील). प्रवेश तिकिटावर. लिबरलांनी खोटी तिकिटं काढून माणसं घुसवली असा आरोप झाला, बाकीचे भिंतीवरून चढून आले. खुर्च्या उडाल्या, सभा मोडली. त्यामागे लिबरल नेते जोसेफ चेंबरलेन (नेव्हिलचे वडील) यांच्या माणसांचा हात आहे का, यावर थेट हाउस ऑफ कॉमन्समध्ये खडाजंगी झाली. तेव्हा अ‍ॅस्टनमधली लबाडी २००४ ला सुरू झाली आणि बाहेरून आलेल्यांनी आणली, असं म्हणणाऱ्यांनी (गोलंदाज, वाचताय ना?) जरा हे साल बघावं.

गोलंदाज_१०

वाचतोय. सभा उधळणं आणि मत चोरणं यात फरक आहे एवढंच म्हणतो.

दप्तरदार

फरक आहेच. मान्य.

सातारची_मीनल

एक वेगळा मुद्दा. गुप्त मतदान इंग्लंडमध्ये १८७२ च्या कायद्यानं आलं. त्याआधी नगर परिषदेच्या निवडणुकीत मतदार सही केलेला कागद द्यायचा, त्यावर उमेदवारांची नावं. घरमालक आणि कारखानदार यांना कुणी कुणाला मत दिलं ते सरळ दिसायचं. ते बंद व्हावं म्हणून पडदा आला. टपाली मत म्हणजे तो पडदा काढून मतपत्रिका पुन्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर आणणं. तिथं सासरा बसलेला असतो, नवरा बसलेला असतो. सही जुळली, जन्मतारीख जुळली, पण खूण कुणाच्या सांगण्यावरून झाली हे कोणतं ओळखपत्र सांगणार? गंमत म्हणजे करदात्या एकट्या बायकांना इथं नगर परिषदेचं मत १८६९ मध्येच मिळालं होतं, पार्लमेंटच्या मताच्या अर्धं शतक आधी. त्यांच्या पणत्यांना ते घरच्या टेबलावर गमवावं लागावं?

निमाताई_लेस्टर

मीनल, पटतं, पण माझ्या शेजारच्या आजी ८० च्या पुढच्या आहेत, जिना उतरत नाहीत. टपालानं मत नसेल तर त्यांना मतच नाही. बंद करणं हा उपाय नाही.

सातारची_मीनल

आजींसाठी असावंच. मागेल त्याला असावं का, एवढाच वाद आहे.

कोथरूडकर_बाप्पा

आमच्या पुण्यात चार जणांचा प्रभाग, तुमच्याकडे दोघांचा. सीमा कोण ठरवतं? तिकडेही सत्ताधाऱ्यांच्या सोयीनं कात्री चालते का?

मिडलँड्स_काका

बाप्पा, इथं सीमांचं काम स्वतंत्र आयोगाकडे. मसुदा आला की कुणीही हरकत पाठवू शकतं, पक्ष तर पाठवतातच. २०१४ च्या शेवटी लॉर्ड केर्सलेक यांचा अहवाल आला. या कौन्सिलचा कारभार नीट नाही, वॉर्ड फार मोठे आहेत, जवळजवळ दरवर्षीच्या निवडणुका बंद करून चार वर्षांतून एकदाच घ्या, असं त्यात होतं. त्यावरून २०१८ मध्ये ४० वॉर्डांचे ६९ झाले आणि नगरसेवक १२० वरून १०१ वर आले. ३७ वॉर्ड एका नगरसेवकाचे, ३२ दोघांचे. वाड्याचे वाटे पडावेत तसा जुना अ‍ॅस्टन वाटला गेला: लोझेल्स वेगळा, न्यूटाउन वेगळा, दोघांनाही एकेक नगरसेवक. उरलेल्या अ‍ॅस्टनला दोन. म्हणजे २००४ मध्ये ज्या वॉर्डाचा निकाल रद्द झाला आणि आज ज्याचं पोल कार्ड आलंय, ते नावानं एक असले तरी नकाशावर एक नाहीत. सहकाऱ्याला हेही ऐकवा.

आणि अ‍ॅस्टन युनिव्हर्सिटी शोधत अ‍ॅस्टनमध्ये फिरू नका. ती शहराच्या मधोमध गोस्टा ग्रीनला आहे.

दप्तरदार

काका, नकाशापेक्षा बुलडोझरनं वॉर्ड जास्त बदलला असं माझं मत. युद्धानंतर न्यूटाउनची जुनी घरं पाडून टॉवर उभे केले. १९७२ मध्ये अ‍ॅस्टन एक्सप्रेसवे मधून गेला, सात लेन, मध्ये दुभाजक नाही, गर्दीप्रमाणे लेनची दिशा बदलते. शेजारचं स्पॅगेटी जंक्शन, म्हणजे रस्त्यांच्या उड्डाणपुलांचा गुंता, त्याच वर्षीचं. पिढ्यान्‌पिढ्यांची इंग्रज आणि आयरिश कुटुंबं कॅसल व्हेल, चेल्म्सली वूड या नव्या वसाहतींकडे हलवली गेली. रिकाम्या होत चाललेल्या, पडायला आलेल्या घरांत कॅरिबियन, पंजाबी आणि मिरपूरची (पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधली) माणसं आली. मिरपूरचे एवढे का? तर मंगला धरणात त्यांची गावं गेली, धरण १९६७ ला पुरं झालं. आपल्याकडे कोयनेचं पाणी ज्यांच्या घरावर चढलं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि भारतीयांना जवळचं नाव राहूनच गेलं. १९५५ ते १९७४ अ‍ॅस्टनचे खासदार ज्युलियस सिल्व्हरमन. त्याआधी इथल्याच कौन्सिलमध्ये नगरसेवक, कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगमधले, भारताच्या स्वातंत्र्याचे खंदे पाठीराखे. भारत सरकारनं १९९० मध्ये त्यांना पद्मभूषण दिलं. अ‍ॅस्टनचं नाव काढल्यावर बनाना रिपब्लिकच्या आधी हे आठवायला हवं, निदान आपल्याला.

शंकासुर

दप्तरदार, हे मात्र माहीत नव्हतं. टोपी काढली.

कोथरूडकर_बाप्पा

ते सगळं ठीक. पण आत्ता तिथं परिस्थिती काय? पेपरात उंदीर आणि कचरा एवढंच दिसतं.

मिडलँड्स_काका

थोडक्यात: सप्टेंबर २०२३ मध्ये कौन्सिलनं सेक्शन ११४ ची नोटीस काढली, म्हणजे हातात पैसा नाही असं जाहीर केलं. समान वेतनाचे दावे आणि फसलेली संगणक प्रणाली, दोन्ही अंगाशी आली. सरकारनं वर कमिशनर बसवले. घरपट्टी, म्हणजे कौन्सिल टॅक्स, एका वर्षी जवळजवळ १० टक्के, पुढच्या वर्षी ७.५ टक्के वाढला. मार्च २०२५ मध्ये कचरा कामगारांनी बेमुदत संप सुरू केला. अशा वेळी दोन नगरसेवक कोण हा प्रश्न बारीक नाही. अ‍ॅस्टनमध्ये लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट यांची रस्सीखेच जुनी आहे. त्यात इथला एक लिबरल डेमोक्रॅट नगरसेवक २०२४ मध्ये अपक्ष उभा राहून पेरी बार मतदारसंघाचा खासदार झाला, अवघ्या ५०७ मतांनी. तेव्हा इथं कुणाचीच जागा पक्की धरू नका.

पेठेतला_परदेशी

बाप रे, दोन ओळींचा प्रश्न टाकून झोपलो आणि सकाळी डूम्सडे! सगळ्यांचे आभार. रविवारी अ‍ॅस्टन हॉलला जातोच. सहकाऱ्याला १८८४ ची गोष्ट सांगितली, तो बर्मिंगहॅमचाच, त्यालाही ठाऊक नव्हती.

पण माझा पहिला प्रश्न कुठे हरवला?

मिडलँड्स_काका

घ्या, तेवढंच राहिलं होतं! एकच मत दिलंत तरी चालतं, मतपत्रिका बाद होत नाही. तीन खुणा केल्यात तर बाद. पुण्यात अ, ब, क, ड जागांची मतं वेगवेगळी असतात, इथं तसं नाही. सगळे उमेदवार एकाच यादीत, सर्वाधिक मतांचे पहिले दोन निवडून येतात. म्हणून तुमचं दुसरं मत तुमच्याच आवडत्या उमेदवाराला मागे टाकू शकतं. चुरस असेल आणि एकच माणूस हवा असेल, तर एकच फुली मारून बाहेर पडा. जुने मुरलेले मतदार हेच करतात.

सातारची_मीनल

मी असते तर दोन्ही दिली असती. कौन्सिल एकट्यादुकट्यावर चालत नाही, दुसरा कोण येतो त्यानंही फरक पडतो. दुसऱ्या जागेसाठी तुला नको असलेला माणूस येत असेल तर ते मत मुठीत ठेवून काय मिळवलंस? आधी सगळ्या उमेदवारांची पत्रकं वाच, मग ठरव.

खारीबटर

फुली पेन्सिलनं मारायची असते म्हणे, दोऱ्याला बांधलेल्या. खोडली तर?

निमाताई_लेस्टर

पेन्सिलच असते, बोटभर उरलेली. स्वतःचं पेन नेलं तर कुणी अडवत नाही. मी निळं बॉलपेन नेते. जेलपेन नको, घडी घातली की शाई पलीकडे उमटते.

कोथरूडकर_बाप्पा

परदेशी, एवढं सगळं कळलंय तर स्वतःच उभा का राहत नाहीस? आम्ही इथून प्रचाराला येतो. व्हिसाचं बघ.

मिडलँड्स_काका

बाप्पा, कामाच्या व्हिसावर मत देता येतं, उभं राहता येत नाही. त्याला कायम वास्तव्याचा परवाना लागतो. पुढच्या निवडणुकीला, म्हणजे चार वर्षांनी बघू.

खारीबटर

चार वर्षांत वॉर्ड तेवढा जागेवर राहू दे.